शेपूट नसलेला चित्ता

सुरत शहरात वेगाविषयी सर्वांत जास्त जाणणारा माणूस आणि सुरत शहरात सर्वांत सावकाश चालणारा माणूस हे दोघे एकच असून ते माझे थोरले साडू आहेत, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. भेस्तानमधल्या त्यांच्या सोसायटीपासून भाजीबाजार हाकेच्या अंतरावर आहे. तरीही त्यांनी आणलेली कोथिंबीर घरी पोहोचेपर्यंत मान टाकते. रस्त्यातल्या म्हशी त्यांना मागून गाठतात, थोडा वेळ सोबत करतात आणि कंटाळून पुढे निघून जातात. एकदा आम्ही दोघे त्यांच्या मिलमधल्या एका वृद्ध सहकाऱ्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. जिथे कोणालाच पोहोचण्याची घाई नसते अशा त्या यात्रेलाही चौकात आमच्यासाठी थांबावे लागले. त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आम्ही सारे त्यांना अक्का म्हणतो, घरात अहिराणीच बोलतात. त्यांनी या साऱ्याचे सार एका वाक्यात सांगून ठेवले आहे : "ह्या चित्ता शिकाडतस, नि सोता कासवनामायक चालतस." चित्ता शिकवून स्वतः कासवासारखे चालण्याचा हा टोमणा साडूंना मुळीच लागत नाही. ते शांतपणे म्हणतात, "वेग ही रोज वापरायची वस्तू नाही, साडूभाऊ. चित्ता दिवसातला बहुतेक वेळ बसून काढतो. लोकांना त्याचं फक्त पळणं माहीत असतं." आणि त्यानंतर ते स्वतःही बसतात. हे लिहिताना माझे मलाच थोडे ओशाळल्यासारखे होते. कारण मी स्वतः झपाझप चालणारा माणूस आहे, आणि झपाझप चालणाऱ्याला सावकाश चालणाऱ्याची थट्टा फार सोपी जाते.

चित्ता त्यांच्या आयुष्यात आला तो जंगलातून नव्हे, साडीवरून. पांडेसऱ्याच्या बाजूला एका छपाईच्या मिलमध्ये ते डिझाइन खात्यात होते. आधी हाताने कागदावर नक्षी उतरवून घेत, पुढे तेच काम संगणकावर करू लागले. आंबा, कोयरी, मोर, पोपट असे सर्व काही त्यांच्या हातून गेले. पण त्यांचा खास हातखंडा होता तो चित्त्याच्या नक्षीचा. पिवळसर जमीन आणि तिच्यावर काळ्या तुटक कड्या, कडीच्या पोटात तपकिरी रंग. कापडबाजारात या छपाईला सरसकट 'चित्ता' म्हणतात. मागणी तिचीच, भावही तिचाच. माझे साडू वर्षानुवर्षे चित्ते काढीत होते, आणि आपण काढलेला चित्ता भुसावळपासून पाटण्यापर्यंतच्या बायकांच्या अंगावर आहे, या समाधानात सुखाने जगत होते.

मग आफ्रिकेतून खरे चित्ते मध्य प्रदेशात आणले गेले आणि ते दूरदर्शनच्या पडद्यावर दिसले. साडू त्या वेळी जेवत होते. हातातला घास तसाच ठेवून ते उठले आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. चित्त्याच्या अंगावर कड्या नव्हत्या. शाईत बोट बुडवून उमटवावेत तसे भरीव, सुटे, गोल ठिपके होते. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून निघालेली एकेक काळी रेघ तोंडापर्यंत ओघळलेली होती. कड्या असतात त्या बिबट्याच्या अंगावर. त्या रात्री त्यांनी भात घेतला नाही. अक्कांच्या अंगावर नेमकी मिलमधून सवलतीत आणलेली साडी होती, तिच्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "मी आयुष्यभर बिबट्या छापला."

एखादा दुसरा माणूस असता तर हसून विसरला असता. माझे साडू दुसऱ्या दिवशी आपल्या गतीने निघून कापडबाजारात एका व्यापाऱ्याकडे गेले आणि त्यांनी त्याला हा फरक चित्र काढून समजावून सांगितला. व्यापाऱ्याने त्यांना चहा पाजला आणि म्हटले, "साहेब, घराक चित्ता मांगे छे. घराकने जंगलमां नथी जवुं." गिऱ्हाइकाला काही जंगलात जायचे नाही, हे म्हणणे व्यवहाराला धरून होते, असे मला त्या वेळी वाटले, साडूंना मात्र ते फार लागले. त्यानंतर कुठल्याही समारंभात त्यांना घेऊन जाणे हे धाडस होऊन बसले. नंदुरबारकडच्या एका नात्यातल्या हळदीला, नवरदेवाची आत्या त्या छपाईची साडी नेसून, सर्वांत पुढे बसून गाणी म्हणत होती. साडू मांडव ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत तिची दोन गाणी झाली. मग त्यांनी हात जोडून अतिशय अदबीने सांगितले, "वहिनी, गैरसमज नको, पण आपण चित्ता नाही. आपण बिबट्या आहात." त्या बाईंनी हे ऐकून मांडवभर सर्वांना विचारले की हा माणूस मला काय म्हणाला ते तुम्हीही ऐकलेत ना. आज त्या कुटुंबात त्यांना बिबट्या आत्या म्हणतात, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी ती पदवी अभिमानाने स्वीकारली आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवले की मोठ्या माणसांचे डोळे आता बदलणार नाहीत. तेव्हा लहानांचे घडवावेत. सोसायटीच्या तळमजल्यावर गाड्या लावण्याच्या जागेत त्यांनी रविवार सकाळचा वर्ग सुरू केला. बमरोलीच्या लूम कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची, रंगकाम-बांधकाम करणाऱ्यांची मुले आसपासच्या चाळींमधून येऊ लागली. त्यात खानदेशी होती, मराठवाड्याची होती, विदर्भाची होती, आणि एकमेकांशी ती सगळी गुजरातीत भांडत असत. ती त्यांना दादा म्हणत. आता मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ आणि गुजरातीत दादा म्हणजे आजोबा. कोणते मूल त्यांना काय समजते हे त्यांनी कधी विचारले नाही. दोन्ही नाती मिळत असताना एक कशाला कमी करा, असे त्यांचे मत होते.

या वर्गात चित्ता तयार होई तो अस्सल सुरती मालाचा. सूत संपल्यावर कारखान्यातून फेकून दिलेला पुठ्ठ्याचा कोन म्हणजे धड. त्याच्यावर पिवळ्या कापडाची चिंधी चिकटवायची. ठिपके बोटाने उमटवायचे, आणि तेही भरीव. कडी काढणाऱ्याला, 'हा साडीतला बिबट्या' म्हणून, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डोळ्यांखालच्या अश्रूंच्या रेघा काजळाने. हे काजळ मुले आपापल्या आयांच्या डब्यांतून आणीत, त्यामुळे रविवारी त्या चाळींमधल्या बायका काजळाविना हिंडत. आणि शेवटी शेपूट : जरीच्या जुन्या काठाचा पीळ, आणि त्याच्या टोकाला लूमचा एक जुना नट बांधलेला. शेपूट लावल्याशिवाय त्यांचा चित्ता उभाच राहत नसे, नाकावर पडे. ते मुद्दाम शेपूट काढून तो पाडून दाखवीत आणि म्हणत, "पाय पळवतात, पण वळवते ती शेपूट. भर वेगात वळताना शेपूट नसेल तर चित्ता उताणा."

त्यांची सांगण्याची तऱ्हा अशी होती की ऐकणाऱ्याला शंकेला जागाच उरत नसे. चित्ता गुरगुरतो, डरकाळी फोडीत नाही. पिलांना हाक मारताना तर पाखरासारखा चिवचिवतो, असे त्यांनी सांगितल्यापासून वर्गात डरकाळीला बंदी झाली. परिणामी चित्त्यांचा खेळ सुरू झाला की गाड्यांमधून केवळ चिवचिवाट ऐकू येई, आणि चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी चिमण्या परत आल्या म्हणून खाली मूठभर बाजरीही टाकली होती. चित्त्याची नखे मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत, धावताना जमीन धरून ठेवतात, हे कळल्यावर मुलांनी नखे कापून घ्यायला नकार दिला. चित्ता लांब पळत नाही, हे तर ते आमच्या परिसराच्या मापाने सांगत : "तो इथून उधन्यापर्यंत कधीच पळणार नाही. तो फाटकापासून चौकापर्यंत पळेल, आणि मग बसेल. धाप पुरती ओसरेपर्यंत, चांगला अर्धा-अर्धा तास. त्या वेळी त्याची शिकार कोणी ओढून नेली तरी तो उठत नाही. उठूच शकत नाही."

या वर्गावर सोसायटीच्या सेक्रेटरींचा लोभ नव्हता. ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत. पण दर रविवारी स्कूटर बाहेर काढताना त्यांना वाळत घातलेले चित्ते ओलांडावे लागत. "काका, आ बधा चित्ता बाजुए मूको, मारे गाडी काढवी छे," चित्ते बाजूला ठेवण्याचे हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणाले होते की मुले ते प्रार्थनेसारखे एका सुरात म्हणत. शेवटी त्यांनी एक अट घातली : कोणाच्याही आईवडिलांची एक तक्रार आली की वर्ग बंद. अक्कांनी ही अट मला जेवताना सांगितली आणि पोळी वाढता वाढता थांबून म्हणाल्या की भाऊ, रविवार गेला तर ह्या माणसाला आठवडाच राहायचा नाही. साडू सोमवारपासून पुठ्ठे गोळा करीत, मंगळवारी चिंध्या निवडीत आणि शनिवारी केस विंचरीत. अक्का म्हणत होत्या त्यात अतिशयोक्ती नव्हती.

माझी शंका एकाच गोष्टीपुरती होती. ते मुलांना ठासून सांगत की चित्ता माणसावर हल्ला करीत नाही, माणूस दिसला की तोच पळतो. त्याला भिऊ नये. एकदा मी त्यांना हळूच म्हटले की जंगली जनावराविषयी लहान मुलांना इतके निर्धास्त करावे का. ते माझ्याकडे करुणेने पाहून म्हणाले, "साडूभाऊ, खऱ्या गोष्टीला 'पण' जोडला की मुलं फक्त 'पण' लक्षात ठेवतात." मी गप्प बसलो. गप्प बसणे हा माझा जुना स्वभाव आहे, आणि त्याला मी सौजन्य समजत आलो आहे.

त्या हिवाळ्यात सुरतेबाहेरच्या उसाच्या फडांत बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येत होत्या. गुजरातीत त्याला दीपडो म्हणतात. परंतु आमच्या वस्तीतली निम्मी माणसे आपसांत हिंदी बोलतात, आणि बोलण्यातल्या हिंदीत कुठलाही ठिपकेवाला चीताच असतो. एका रविवारी साडू आणि मी डिंक आणायला गेलो होतो. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता आणि परतताना आमच्या चालीने तो अधिकच वाढला होता. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आम्हांला पाहून सांगितले की खाडीकाठच्या झुडपांत चीता आला आहे, पलीकडच्या चाळीत सगळ्यांनी दारे लावून घेतली आहेत. मग तो किंचित हसून म्हणाला, "आणि दादा, तुमची पोरं तर नाचत त्याला बघायला गेली. ती जान्हवी म्हणे, चित्ता आहे, आपल्याला काही करणार नाही."

जान्हवी ही वर्गातली सर्वांत धिटुकली मुलगी, एका लूम कारागिराची. साडूंचा प्रत्येक शब्द तिला पाठ. साडू एक क्षण उभे राहिले. त्यांनी एवढेच विचारले, "चित्ता कोण म्हणालं?" चहावाला म्हणाला, सगळेच म्हणताहेत. मग साडूंनी डिंकाचा डबा माझ्या हातात दिला आणि ते धावले.

मी त्यांना धावताना पूर्वी कधी पाहिले नव्हते. त्यांनी स्वतःही पाहिले नसावे. चपला जागीच राहिल्या. धोब्याची सायकल, केळ्यांची गाडी, नळावरच्या बायका या साऱ्यांमधून तो भरदार देह असा गेला की बायकांनी आधी भिंतीला पाठ लावली आणि मग कोण गेले ते एकमेकींना विचारले. मीही धावलो. आयुष्यभर ज्यांच्यासाठी मी प्रत्येक कोपऱ्यावर, मनातल्या मनात थोडे उपकार करीत, थांबत आलो होतो, ते साडू माझ्यापुढे लहान लहान होत गेले आणि मी डिंकाचा डबा घेऊन मागे राहिलो. खाडीकडे वळणाऱ्या भिंतीशी मात्र त्यांचा वेग त्यांना आवरला नाही. ते आडवे झाले, गुडघ्यावर घसरत गेले, आणि उठून पुन्हा धावले.

मी वळणाशी पोहोचलो तेव्हा मुले झुडपांपासून चार हातांवर उभी होती. वर्गात केलेला पुठ्ठ्याचा मोठा चित्ता जान्हवीच्या डोक्यावर होता आणि सगळी मिळून झुडपाकडे पाहून, त्याला बोलावण्यासाठी, चिवचिवत होती. झुडूप हलत होते. साडू मुलांच्या आणि झुडपाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. त्यांना शब्द फुटत नव्हता, जो फुटला तो एवढाच, "चित्ता नाही. बिबट्या."

जान्हवीने विचारले, "साडीतला?"

"खरा," साडू म्हणाले. "मागे सरका. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही."

मुले एकमेकांचे हात धरून, झुडपाकडे तोंड करून, पावलापावलाने मागे आली. त्यांच्या आणि झुडपाच्या मध्ये, सर्वांत शेवटी, हात पसरलेले साडू. तेवढ्यात झुडपातून जे बाहेर आले ते एक कुत्रे होते. कुठल्यातरी मिलच्या रंगखात्यात ओल्या कापडावर झोपून उठले असावे. पिवळ्या अंगावर काळे डाग पडले होते. ते आमच्याकडे पाहून शेपूट हलवू लागले. मुलांपैकी एकाने जवळून निरखून सांगितले की ठिपके भरीव आहेत.

तोवर चाळींतून माणसे आली होती. मुलांच्या आया आल्या, रात्रपाळी करून झोपलेले बाप तसेच उठून आले, आणि सोसायटीकडून सेक्रेटरीही आले. जनावर निघाले कुत्रे, यावर कोणी हसले नाही. ते बिबट्या निघाले असते तर काय, हे प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होते. साडू मोरीच्या कठड्यावर बसले होते. धोतराला गुडघ्यापाशी रक्त लागले होते आणि छाती भात्यासारखी हलत होती. जान्हवीचा बाप पुढे झाला. त्याने बोट उगारले आणि तो बोलणार, इतक्यात जान्हवी साडूंच्या पुढे हात पसरून उभी राहिली.

"पप्पा, आत्ता नाही बोलायचं," ती म्हणाली. "ते पळून आलेत. पळाल्यावर चित्ता अर्धा तास बसतो. तेव्हा त्याला कोणी काही केलं तरी तो उठू शकत नाही."

मग ती सेक्रेटरींकडे वळून हेच गुजरातीत म्हणाली. काय आश्चर्य, लोक थांबले. सेक्रेटरींनी तर घड्याळात पाहिले, आणि ते समोरच्या दगडावर बसले. कोणी पाणी आणले, कोणी हळद आणली. एका बाईने सांगितले की हा माणूस नळावरून गेला तेव्हा तिचा हंडा गरकन फिरला. दुसरीने त्यात भर घातली. बापांनी चहा मागवला. राग टिकवून धरायला अर्धा तास हा फार मोठा वेळ असतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

श्वास खाली आल्यावर साडू आपण होऊन उठले. त्यांच्या आवाजात नेहमीचा ठामपणा होताच, फक्त तो या वेळी स्वतःवर रोखलेला होता. ते म्हणाले, "तक्रार माझी मीच करतो. मी यांना चित्ता शिकवला आणि बिबट्या शिकवला नाही. तो फक्त साडीवर ओळखायला शिकवला, झुडपात नाही. वर्ग बंद करायचा तर करा."

सेक्रेटरींनी उठून पाठीमागची धूळ झटकली. "आवता रविवारे पहेलां दीपडो शीखवाडजो," ते म्हणाले, "पछी चित्तो." आणि थोडे पुढे जाऊन, मागे न पाहता, "अने मारी गाडीनी जग्या छोडीने."

त्याला आता बराच काळ लोटला. वर्ग चालू आहे. आधी बिबट्या होतो, कड्यांसकट. त्याच्या गळ्यात 'याला भ्यावे' अशी पाटी असते. मग चित्ता. साडूंचा गुडघा मात्र पूर्वीसारखा झाला नाही. ते काठी घेतात आणि खुर्चीत बसून शिकवतात. जान्हवीच्या वडिलांना इच्छापोरला कंत्राटी काम मिळाले आणि ते बिऱ्हाड तिकडे गेले. जाण्यापूर्वी तिने आणि मुलांनी मिळून साडूंसाठी एक वस्तू केली : जरीच्या काठाची लांबलचक शेपूट, आत चिंध्या ठासून भरलेल्या, आणि टोकाला चांगला जड नट. देताना ती म्हणाली होती की दादा, त्या दिवशी तुम्ही वळणावर पडलात, कारण ही नव्हती. साडूंनी तिच्या या म्हणण्याला लगेच मान्यता दिली. शेपूट त्यांच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते, काठीच्या शेजारी.

अजूनही आम्ही दोघे कधी कधी डिंक आणायला जातो. मी आता त्यांच्या चालीने चालतो. सुरुवातीला प्रयत्न करावा लागला, हल्ली लागत नाही. म्हशी आम्हां दोघांनाही मागे टाकतात. खाडीच्या वळणापाशी आले की साडू बोलता बोलता थांबतात, काठी एका हातात घेतात आणि दुसरा हात नकळत पाठीमागे नेतात, काही सावरल्यासारखा. मग हळूच वळतात.